ऐंशी टक्के

ऐरोलीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
चटई टाकून मी गाडीखाली उताणा.
वर घर आहे. दोन पलंग, एक शेगडी,
बेसिनच्या नळाला दोरीने बांधलेलं
कुंदाचं कढीपत्त्याचं रोप.
पूर्वी ही शाळेची बस होती,
बिजागऱ्यांच्या फटीतून पिवळा रंग अजून डोकावतो.

नाकापासून वीतभर अंतरावर टाकी.
तिचा काटा इथेच, चाकाच्या चिखलाशेजारी.
म्हणजे गॅस किती उरला हे बघायला
दर वेळी लोटांगण.
देवाला घातलं नाही इतक्यांदा.
गुडघे म्हणाले, आता पुरे.
म्हणून काट्याचा निरोप आज वर न्यायचा,
ओट्यापर्यंत.

तुर्भ्याच्या इस्माईल खोतने
सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं:
नवी तबकडी, दोन तारा, पाच दिव्यांची पट्टी.
"टाकी उघडायची नाही हां साहेब. दोन स्क्रू फक्त."
मला सांगतो!
एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर
दुसरं काय केलं मी?
पत्र्याआड जे आहे
ते पत्र्याबाहेर उभं राहून वाचलं,
तासातासाला, निळ्या शाईत.

आत एक गोळा तरंगतो.
द्रव उतरला की तोही उतरतो,
दांडा फिरतो, दांड्याच्या टोकाचं चुंबक फिरतं,
आणि बाहेर दुसरं चुंबक मान वळवतं.
मध्ये पोलाद.
भोक नाही, फट नाही, शिवणं नाही.
तरी कळतं.
लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसाला
याचं नवल वाटू नये खरं तर.

बॅटरीची तार आधीच सोडली होती.
जमिनीला भोक पाडलं, रबरी कडी बसवली,
तारा वर सरकवल्या.
वॉचमन रामसुमेर टॉर्च धरून, पण चार पावलं लांब,
"फटेगा तो नहीं ना?" विचारत.
भोक बुजवलं, बॅटरी जोडली.

"किती गं?"
"तीन दिवे."

तीन.
एवढ्यावर उठायला हवं होतं.
पण मला एक रात्रपाळी आठवली.
काटा अर्ध्यावर, शांत,
माझं रजिस्टर शांत,
आणि गोठिवलीचा दशरथ मढवी
मोठ्या टाकीला बोटांच्या पेरांनी टकटक करत म्हणाला,
"सायेब, ह्यो खोटा बोलतंय."
गोळा अडकला होता आत.
टाकी गळ्यापर्यंत आली होती.
मी आधी व्हॉल्व्ह बंद केला, मग घाम पुसला.
रजिस्टरात दशरथचं नाव लिहिलं नाही.
रकाना नव्हता तसा.

तर मी पेरांनी टाकी वाजवली.
वर पोकळ. पोकळ. पोकळ.
मध्याच्या थोडं वर आवाज जड झाला,
झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसा.
"तीनच," मी खालून ओरडलो.
"मी काय म्हणाले मग?" वरून.

कुंदा सिलिंडर नुसता कलता करून सांगायची,
दहा दिवस जाईल. जायचा.
(दोनदा नाही गेला. ते ती मोजत नाही.)

अंग झटकत वर आलो. ती पट्टीकडे बघत होती.
"उद्या भरल्यावर पाचही लागतील?"
"चारच. ऐंशी टक्के म्हणजे पूर्ण.
उन्हात द्रव फुगतो,
त्याला अंग पसरायला जागा ठेवावी लागते."
"मग पाचवा कशाला दिलाय?"
"लागलाच तर कळावं म्हणून."

ती काही बोलली नाही.
पलंगाखालच्या कप्प्याला तिने गुडघ्याने रेटा दिला,
तो मिटत नव्हता सकाळपासून.
मग खाली बसून
माझी जुनी रजिस्टरं एकेक काढली, अकरा होती,
आणि रामसुमेरच्या हातात दिली,
"केबिनमध्ये ठेव, परत येईपर्यंत."

कप्पा मिटला.
मी एक मागून घेतलं. कोरं होतं ते,
शेवटच्या वर्षीचं, उरलेलं.
पहिल्या पानावर तारीख टाकली, वेळ टाकली,
तीन दिवे,
आणि समासात, आडवं,
दशरथ मढवी.